नवा कॉम्प्युटर अचानक सुरू होईना? दुकानात आणण्याआधी हे करून बघा

आमच्याकडून कॉम्प्युटर जुळवून नेलेल्या ग्राहकांसाठी हे पत्रक आहे. ‘काल रात्री झकास चालला होता, सकाळी बटण दाबलं तर काहीच नाही,’ असे फोन आम्हाला येतात. एवढे पैसे घातलेली वस्तू बंद पडली की जीव खालीवर होतो, ते आम्ही समजू शकतो. पण आमचा अनुभव असा, की नव्या मशीनमध्ये भाग जळण्यापेक्षा काहीतरी सैल झालेलं असतं, नाहीतर करंटच नीट पोचत नसतो. खानापूर, निपाणीहून कॅबिनेट घेऊन बेळगावपर्यंत हेलपाटा घालण्याआधी दहा मिनिटं द्या.

बटण दाबल्यावर नेमकं काय होतं, ते आधी बघा. पंखा फिरतो का? आतले दिवे लागतात का? पडद्यावर काही उमटतं का?

काहीच हालचाल नसेल तर त्याच सॉकेटला मोबाईलचा चार्जर लावून बघा. मग कॅबिनेटच्या मागे एसएमपीएसचं (आतल्या भागांना करंट पुरवणाऱ्या डब्याचं) छोटं बटण असतं, ते उभ्या रेघेच्या बाजूला दाबलेलं हवं. झाडताना, पुसताना त्याला धक्का लागतो. तेही ठीक असेल तर वायर भिंतीतून काढा, पुढचं पॉवरचं बटण पंधरा सेकंद दाबून धरा आणि पाच मिनिटांनी परत लावा. लाईट जाऊन जोरात आली की चांगला एसएमपीएस स्वतःला वाचवायला बंद होतो आणि वायर काढल्याशिवाय पुन्हा उठत नाही. पावसाळ्यात एवढ्यानेच कितीतरी मशीन सुरू होतात.

पंखे फिरतात पण पडदा काळा, असं असेल तर मॉनिटरची केबल कुठे लावलीय ते पाहा. वेगळं ग्राफिक्स कार्ड (पडद्यावर चित्र पाठवणारा भाग) असेल तर केबल त्याच्यातच हवी, मदरबोर्डवर (सगळे भाग जोडलेल्या मुख्य बोर्डवर) नको. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाशेवटी ‘एफ’ असतं, त्यात चित्र दाखवायची सोयच नसते. डीडीआर ५ प्रकारची रॅम (मेमरीची पट्टी) असेल तर पहिल्यांदा सुरू करताना किंवा रॅम बदलल्यावर पडदा काही मिनिटं काळा राहू शकतो. तेव्हा घाईने बंद करू नका. बऱ्याच मदरबोर्डवर सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स), बूट (विंडोज असलेली डिस्क) असे चार बारीक दिवे असतात. कुठला पेटून राहिलाय तेवढं आम्हाला फोनवर सांगितलंत तरी अर्धं काम होतं.

डीरॅमचा दिवा पेटून राहिला असेल तर रॅम काढून परत बसवून बघा. आधी वायर काढा आणि अंगातली स्थिर वीज जावी म्हणून कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावा. स्लॉटची कडी उघडून रॅम सरळ वर काढा. सोनेरी पट्टीला बोट लावू नका. परत बसवताना कडी ‘टक्’ आवाज करून लागेपर्यंत दाबा. दोन रॅम असतील तर एकच ठेवून बघा, प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या स्लॉटमध्ये.

जांबोटीकडच्या एका ग्राहकांचा कॉम्प्युटर घरी पोचल्यावर चालेना. उघडून पाहिलं तर ग्राफिक्स कार्ड एका टोकाला केसभर वर आलं होतं, सोनेरी पट्टी दिसत होती. उभं कॅबिनेट टमटममधून खड्ड्यांतून गेलं होतं. तेव्हापासून आम्ही प्रत्येकाला सांगतो: नेताना कॅबिनेट आडवं ठेवा, मदरबोर्डची बाजू खाली, म्हणजे कार्ड लोंबकळत नाही.

एक सेकंद सुरू होऊन लगेच बंद पडत असेल तर पुन्हापुन्हा बटण दाबू नका. प्रोसेसरजवळची आठ पिनांची वायर सैल असेल, किंवा एखादा स्क्रू बोर्डखाली अडकून शॉर्ट होत असेल. हे काम आमच्यावर सोडा. एसएमपीएस मात्र कधीही उघडू नका, वायर काढल्यावरही त्यात जिवाला धोका होईल एवढी वीज साठून राहते.

कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर घरात अर्थिंग नाही असं समजा. जुन्या घरांत हे फार आढळतं. दोन पिनांचा जोड वापरू नका, आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा.

दुकानात यायचंच झालं तर फक्त कॅबिनेट आणि बिल आणा, मॉनिटर, कीबोर्ड घरीच राहू देत. भागांवरचे नंबरांचे स्टिकर काढू नका आणि खोके वॉरंटी संपेपर्यंत टाकू नका.