एका कुरवाचे दोन कसे झाले

लाफिंग गल आणि फ्रँकलिन्स गल हे उत्तर अमेरिकेतले दोन कुरव, म्हणजे सीगल, आजही भल्याभल्यांना चकवतात. विणीच्या हंगामात दोघांचं डोकं काळंकुळकुळीत, पाठ गडद राखाडी, डोळ्याला तुटक पांढरी कडा. पहिली फसगत दोनशे वर्षांपूर्वी झाली, तीही जाणकारांची.

लाफिंग गल किनाऱ्यावरचा, त्यामुळे तो युरोपीय अभ्यासकांना लवकर ठाऊक झाला. सजीवांना शास्त्रीय नावं देण्याची पद्धत घालणाऱ्या लिनियसने १७५८ मध्येच त्याला ‘अ‍ॅट्रिसिला’ म्हटलं. दुसरा मात्र खंडाच्या पोटात, गवताळ मैदानांतल्या दलदलींत पाण्यावर तरंगती घरटी करतो. ब्रिटिश शोधक जॉन फ्रँकलिनच्या १८१९–२२ च्या मोहिमेत कॅनडातल्या सस्कॅचेवान नदीच्या मुलखात त्याचा नमुना मिळाला. पण १८२३ च्या मोहीमवृत्तांताला जोडलेल्या पुरवणीत निसर्ग-अभ्यासक जोसेफ सबाइनने त्याची नोंद चक्क अ‍ॅट्रिसिला म्हणून केली. मोहिमेतला डॉक्टर जॉन रिचर्डसन याने पुढे तो वेगळा ठरवून त्याला फ्रँकलिनचं नाव दिलं. तेवढ्यात जर्मन पक्षीतज्ज्ञ वाग्लरने १८३१ मध्ये मेक्सिकोतल्या पक्ष्यावरून त्याचं ‘पिपिक्सकान’ असं बारसं उरकलं होतं. शास्त्रीय नावात वाग्लर टिकला, बोलण्यात फ्रँकलिन.

एकोणिसाव्या शतकात अंडी गोळा करणाऱ्यांनी आणि टोप्यांसाठी पिसं विकणाऱ्यांनी अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या लाफिंग गलची दैना केली. १९१८ च्या स्थलांतरित पक्षी कायद्यानंतर तो सावरला. फ्रँकलिन्स गलचा वैरी वेगळा: दलदल आटली की वसाहतच उठते.

ओळखीची खरी गुरुकिल्ली पंखाच्या टोकाशी आहे. लाफिंग गलचा राखाडी रंग सरळ काळ्यात मिसळतो. फ्रँकलिन्स गलमध्ये मधे पांढरा पट्टा असतो. त्याची चोचही आखूड, आणि डोळ्याची पांढरी कडा जाड. शिवाय बहुतेक कुरव वर्षातून एकदाच सगळी पिसं बदलतात, हा दोनदा. पेरू-चिलीच्या किनाऱ्यापर्यंतचा लांब प्रवास हे त्यामागचं कारण असावं, असं मानलं जातं. मला ते पटतं. म्हणून त्याच्या पंखांची पांढरी टोकं सहसा टवटवीत दिसतात, तर लाफिंग गलची उन्हाळ्याअखेरीस झिजून गेलेली असतात.

२००८ मध्ये अमेरिकन ऑर्निथॉलॉजिस्ट्स युनियन या पक्षीअभ्यासकांच्या संस्थेने डीएनएच्या आधारे दोघांना लारस प्रजातीतून काढून ल्युकोफेयसमध्ये शेजारी शेजारी बसवलं. सबाइनची चूक अगदीच परकी नव्हती म्हणायची.