आंघोळ घालताना हाताला लागलेली गाठ

सोलापुरात लहान मुलाचं पोट फुगलेलं दिसलं की घरातले आधी म्हणतात, जंत झालेत. नाहीतर बेंबी सरकली. मग पोट चोळून घेतलं जातं. बहुतेक वेळा आजार साधाच असतो. पण बरगडीखाली एकाच बाजूला, टणक, न दुखणारी गाठ लागली तर पोट अजिबात चोळू नये. ती मूत्रपिंडाच्या कर्करोगाची असू शकते. अशी गाठ नाजूक असते, फुटली तर आजार पोटात पसरतो. डॉक्टरसुद्धा ती हलक्या हातानेच तपासतात.

हा आजार बहुधा पाच वर्षांखालच्या मुलांना होतो. १८७७ मध्ये इंग्लंडमधल्या लीड्सला थॉमस जेसप या सर्जननी दोन वर्षांच्या मुलाचं असं मूत्रपिंड काढलं. त्या मुलाच्या लघवीतून रक्त जात होतं. १८९९ मध्ये जर्मन सर्जन माक्स विल्म्स यांनी या गाठींचा सविस्तर अभ्यास मांडला, म्हणून तिला विल्म्स ट्यूमर म्हणतात. पुढे ऑपरेशनला रेडिएशनची आणि १९५० च्या दशकापासून अ‍ॅक्टिनोमायसिन या औषधाची जोड मिळाली. १९६९ मध्ये अमेरिकेत अनेक रुग्णालयांनी मिळून यावरच्या उपचारांच्या चाचण्या सुरू केल्या. आता श्रीमंत देशांत दहापैकी सुमारे नऊ मुलं बरी होतात. गरीब भागांत हे प्रमाण बरंच खाली येतं, कारण मूल उशिरा पोहोचतं किंवा उपचार अर्धवट सुटतात.

उशीर का होतो, हे समजण्यासारखं आहे. मूल खेळतं, जेवतं, रडत नाही. गाठ बऱ्याचदा आई किंवा आजीच्याच हाताला लागते, आंघोळ घालताना, तेल लावताना. लाल लघवी, रेंगाळणारा ताप, मंदावलेली भूक, वाढलेला रक्तदाब याही खुणा आहेत. जन्मतः डोळ्यातली बुबुळाची रंगीत चकती नसलेल्या, किंवा शरीराची एक बाजू मोठी असलेल्या मुलांना धोका जास्त, त्यांची ठरावीक काळाने सोनोग्राफी करावी लागते.

आपल्या जिल्ह्याला कर्करोगावर घरोघरी बोलण्याची सवय आहे. बार्शीत १९८२ पासून नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय आहे आणि १९८७ मध्ये देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी, म्हणजे गावांतल्या कर्करुग्णांची नोंद ठेवण्याचं काम, तिथेच सुरू झाली. तिचे कार्यकर्ते गावोगाव जाऊन लोकांना लक्षणं समजावत आले. त्याच बोलण्यात मुलांच्या पोटाचा विषयही हवा, असं मला मनापासून वाटतं. अंगणवाडीत वजन करताना विचारलेला एक प्रश्न पुरेल: आंघोळ घालताना पोटात काही टणक लागतं का? लागत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टर आणि पोटाची सोनोग्राफी.