रात्रीची अवैध शिकार : पोलीस कारवाई (महाराष्ट्र)

ग्रामीण महाराष्ट्रात अंधार पडल्यावर होणाऱ्या वन्यप्राण्यांच्या बेकायदा शिकारीवर पोलीस आणि वन विभाग मिळून करतात ती कारवाई. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 च्या मूळ रूपात परवानाधारक शिकाऱ्यालाही रात्री आणि कृत्रिम प्रकाशात शिकारीची मनाई होती. 1991 च्या दुरुस्तीने शिकारच बंद झाली, तसे ते कलम गळाले. पिकांची नासाडी करणाऱ्या प्राण्यांसाठी कलम 11 खाली लेखी परवानगी मिळते. ती नसेल तर गुन्हा. शिकारीचा प्रयत्नही कायद्याने शिकारच ठरतो, त्यामुळे प्राणी मेलेला सापडलाच पाहिजे असे नाही.

कोकणात कपाळाला बॅटरी लावून ठासणीच्या (नळीच्या तोंडातून दारू-छर्रे ठासून भरायच्या) किंवा काडतुसाच्या बंदुकीने रानडुक्कर, भेकर, ससा मारतात. झोतात प्राण्याचे डोळे चमकतात आणि तो क्षणभर थबकतो. विदर्भात ठासणीच्या बंदुकीला भरमार म्हणतात; तिथला अधिक घातक प्रकार म्हणजे 11 केव्ही वाहिनीवर आकडा टाकून खुंट्यांवरून जमिनीलगत ओढलेली तार. उन्हाळ्यात पाणवठ्यावर दबा धरून बसणारेही असतात.

खबर 112 वर किंवा वन विभागाच्या 1926 वर येते. उजेड कुठून कुठे सरकतोय, बार किती झाले, गाडी कुठे लावली आहे, एवढे विचारून घ्यावे. उजेडाच्या मागे रानात घुसणे हा नवख्या पथकाचा हमखास उतावळेपणा: समोरचा हलत्या सावलीवरही बार काढतो. त्यापेक्षा बाहेर पडण्याच्या वाटा धराव्यात, गाडीचे दिवे मालवून थांबावे आणि शिकारी माल घेऊन गाडीपाशी आले की अडवावे. शेतात जागल करणाऱ्याला शिकारी समजू नये. मात्र पीकसंरक्षणाचा बंदूक परवाना खिशात असला म्हणून जंगलात फिरायची मुभा मिळत नाही.

तारेचा संशय असेल तर आधी महावितरणच्या उपकेंद्राकडून फीडर (त्या भागाला वीज देणारी वाहिनी) बंद करून घ्यावा. तोवर कोणीही पुढे जाऊ नये. तिथल्या नोंदवहीत फीडर ट्रिप झाल्याची (आपोआप बंद पडल्याची) वेळ सापडते, आणि प्राणी तारेला कधी चिकटला याचा तो पुरावा होऊ शकतो.

जप्त केलेली ठासणीची बंदूक भरलेलीच आहे असे धरून चालावे. नळी माणसांपासून दूर ठेवून प्रथम केप (घोडा आदळताच ठिणगी देणारी टोपी) काढावी. मग तोंडाशी उभे न राहता ठासणीचा गज अलगद आत सोडून नळीच्या तोंडाशी खूण करावी आणि तेवढीच लांबी बाहेरून मोजावी. गज तळापर्यंत पोचला नाही, तर आत दारू-छर्रे आहेत. नळी गुळगुळीत असल्याने छऱ्यांवरून बंदूक ओळखता येत नाही. काडतुसाच्या बंदुकीचे रिकामे खोके (झाडलेल्या काडतुसाचे कवच) पिनेच्या खुणेवरून जुळते, ठासणीची बंदूक मात्र खोके टाकतच नाही. म्हणून बॅटरी, दारूची डबी, रक्ताचे कपडे, कोयता आणि मोबाइल यांची जप्ती बंदुकीइतकीच मोलाची.

न्यायालयात प्रकरण ढासळते ते बहुधा कागदावर. वन्यजीव अधिनियमाच्या कलम 50 खालची झडती व अटक पोलिसांपैकी उपनिरीक्षक किंवा वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यानेच करायची असते. रात्रीच्या गस्तीला हवालदारच असेल तर आरोपीच्या वकिलाला आयता मुद्दा मिळतो. वनाधिकाऱ्याला ही दर्जाची अट नाही, त्यामुळे वनरक्षकाला सोबत घेणे शहाणपणाचे. दुसरी मेख कलम 55 ची: या कायद्याखालच्या गुन्ह्याची दखल न्यायालय अधिकृत वनाधिकाऱ्याच्या तक्रारीवर घेते, नुसत्या पोलिसांच्या दोषारोपपत्रावर नाही. शस्त्र अधिनियमाखालचा गुन्हा पोलिसांनी चालवायचा आणि वनगुन्ह्याचे कागद आठवडाभर ठाण्यातच पडून राहायचे, यात पुरावा वाया जातो. झडती व जप्तीचे चित्रीकरण भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 105 ने बंधनकारक आहे. काळोखात चित्र दिसेल एवढा उजेड सोबत न्यावा.

शिक्षा प्राणी या अधिनियमाच्या कोणत्या अनुसूचीत (यादीत) आहे त्यावर ठरते. अनुसूची 1 मधील काळवीट, चिंकारा, मोर यांच्यासाठी, तसेच अभयारण्यातल्या शिकारीसाठी 3 ते 7 वर्षे कैद आणि किमान 25,000 रुपये दंड. अनुसूची 2 मधील रानडुकरासाठी 3 वर्षांपर्यंत कैद, 1 लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. शिकारी डोके, कातडे, खूर रानातच टाकून येतात आणि ‘बोकडाचे मटण’ म्हणून सांगतात. अशा वेळी प्राण्याची जात डीएनए तपासणीने ठरते. शिजलेल्या रश्श्यातला तुकडाही बऱ्याचदा चालतो. नमुना गोठवून किंवा शुद्ध अल्कोहोलमध्ये द्यावा. फॉर्मॅलिनमध्ये ठेवल्यास डीएनए बिघडतो, आणि ग्रामीण दवाखान्यात हाताशी असते ते नेमके तेच.