खासदाराची मतदान-नोंद व अशासकीय विधेयके (पुणे)

संसद सदस्याने सभागृहात कोणत्या प्रस्तावावर कोणत्या बाजूने मत दिले आणि स्वतःच्या नावावर कोणती विधेयके मांडली, याची नोंद. लोकसभेच्या व राज्यसभेच्या कार्यवृत्तात ती तारीखवार विखुरलेली असते. हजेरी, प्रश्न, चर्चांतील सहभाग आणि विधेयके सदस्यनिहाय एकत्र लावण्याचे काम पीआरएस लेजिस्लेटिव्ह रिसर्चसारख्या संस्था करतात. निवडणूक जवळ आली की वर्तमानपत्रांतली 'खासदारांची प्रगतिपुस्तके' बहुधा याच आकड्यांवर बेतलेली असतात.

पुणेकराला आधी आपला खासदार कोण ते पाहावे लागते. कसबा पेठ, शिवाजीनगर, कोथरूड, पर्वती, पुणे कॅन्टोन्मेंट आणि वडगाव शेरी हे विधानसभा मतदारसंघ पुणे लोकसभा मतदारसंघात येतात. खडकवासला मात्र बारामतीत, हडपसर व भोसरी शिरूरमध्ये, तर पिंपरी-चिंचवड मावळात. हिंजवडीत नोकरी करणाऱ्याचे कार्यालय बारामती मतदारसंघात आणि वाकडचे घर मावळात असू शकते.

मतदानाची नोंद लोकांना वाटते त्यापेक्षा बरीच तोकडी असते. बहुतेक विधेयके आवाजी मतदानाने संमत होतात आणि त्यात कोणाच्याच नावाची नोंद होत नाही. मतविभाजन झाले तरच सदस्य आपल्या जागेवरील बटण दाबतात आणि बाजूनिहाय नावे कार्यवृत्तात छापली जातात. संविधान दुरुस्तीला विशेष बहुमत लागते, त्यामुळे तेथे मतांची मोजणी टळत नाही. एरवी मागणी झाली तरी मतविभाजन होईलच असे नाही: २० सप्टेंबर २०२० रोजी राज्यसभेत कृषी विधेयके विरोधकांची मतविभाजनाची मागणी मान्य न होता आवाजी मतानेच संमत झाली.

जी मते नोंदली जातात तीही पूर्णपणे सदस्याची नसतात. १९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीने दहावी अनुसूची, म्हणजे पक्षांतरबंदीची तरतूद, आली. तेव्हापासून व्हिप (मतदानाबाबत पक्षाने बजावलेला आदेश) मोडून मत देणाऱ्याचे वा गैरहजर राहणाऱ्याचे सदस्यत्व जाऊ शकते. पक्षाने पंधरा दिवसांत माफ केले तरच तो वाचतो. त्यामुळे आजच्या खासदाराचे मत बव्हंशी पक्षाचे मत म्हणूनच वाचावे लागते. वेगळी भूमिका शोधायची तर भाषणांत आणि राजीनाम्यांत शोधावी. १९७१ मध्ये काँग्रेसतर्फे पुण्यातून निवडून आलेले मोहन धारिया जयप्रकाश नारायण यांच्याशी बोलणी करावीत असे उघडपणे म्हणत होते. १९७५ मध्ये त्यांचे मंत्रिपद गेले आणि १९७७ मध्ये ते पुण्यातूनच जनता पक्षातर्फे पुन्हा निवडून आले. मतांची कोणतीही यादी हे सांगणार नाही.

अशासकीय विधेयक म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्याने मांडलेले विधेयक. बोलीत त्याला 'खासगी विधेयक' म्हणतात. त्यासाठी साधारणपणे शुक्रवारचे अडीच तास राखीव असतात. पुरःस्थापना, म्हणजे विधेयक सभागृहात मांडणे, सहज होते, चर्चेला क्रमांक लागणे अवघड. संचित निधीतून (सरकारच्या मुख्य खजिन्यातून) खर्च होणार असेल तर विचारार्थ घेण्यापूर्वी राष्ट्रपतींची शिफारसही लागते. स्वातंत्र्यानंतर अशी १४ विधेयकेच कायदा झाली, शेवटचे १९७० मध्ये. म्हणून 'अमुक खासदाराने इतकी विधेयके मांडली' हा आकडा कायदे किती केले हे सांगत नाही. कोणत्या विषयाची तड लावायचा त्याचा हट्ट आहे एवढेच त्यावरून समजते. बारामतीच्या सुप्रिया सुळे यांनी डिसेंबर २०१८ मध्ये मांडलेले, कामाच्या वेळेनंतर कार्यालयाचा फोन वा ई-मेल न घेण्याचा हक्क देणारे विधेयक हे याचे बोलके उदाहरण. हिंजवडीच्या आयटी कर्मचाऱ्यांना त्यातला आशय वेगळा समजावून सांगायला नको. लोकसभा विसर्जित होताच ते व्यपगत झाले, म्हणजे आपोआप रद्द झाले. २०२५ मध्ये त्यांनी या विषयावर पुन्हा विधेयक मांडले.

मंत्र्याची नोंद या पद्धतीत जवळजवळ कोरी दिसते. तो प्रश्न विचारत नाही, अशासकीय विधेयक मांडत नाही आणि हजेरीपटावर सहीही करत नाही. पुण्याच्या खासदारांपैकी विठ्ठलराव गाडगीळ राज्यमंत्री होते, आणि २०२४ पासून मुरलीधर मोहोळ आहेत. अशा काळात पुण्याच्या रकान्यातली शून्ये निष्क्रियता म्हणून मोजणे चूक ठरते.

खरी कोरी जागा मात्र २०२३ ची. २९ मार्च रोजी पुण्याचे खासदार गिरीश बापट यांचे निधन झाले. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १५१ अ नुसार रिक्त जागा सहा महिन्यांत भरायची असते. मुदतीचे वर्षभरही उरले नसेल तर सूट मिळते. येथे वर्षाहून अधिक काळ बाकी होता, तरी निवडणूक आयोगाने पोटनिवडणूक घेतली नाही. २० सप्टेंबर २०२३ रोजी महिला आरक्षणाची घटनादुरुस्ती लोकसभेत ४५४ विरुद्ध २ मतांनी संमत झाली, तेव्हा पुणे मतदारसंघाचे मत कोणत्याच बाजूला नव्हते. डिसेंबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आयोगाला तातडीने पोटनिवडणूक घेण्याचा आदेश दिला. जानेवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली आणि जागा थेट सार्वत्रिक निवडणुकीतच भरली गेली.