वानरावर पिचकारी मारणारा कॅमेरा आला कुठून?

सातपुड्याच्या पायथ्याला, यावल-रावेर-चोपड्याच्या पट्ट्यात, वानरं हाकलायची म्हणजे गोफण, फटाके, नाहीतर दिवसभर बसलेला राखणदार. वानर दिसताच पाणी मारणारं यंत्र आता दहाएक हजारांत घरी जोडता येतं. त्यातला प्रोग्रॅम फुकट असतो, आणि तो बहुतेक हौशी लोकांच्या खोड्यांतून घडला आहे.

सुरुवात मात्र खोडीतून झाली नाही. १९९९ मध्ये इंटेलमध्ये गॅरी ब्रॅडस्की यांनी ओपनसीव्ही, म्हणजे चित्रं तपासायच्या तयार कोडचा संच, हाती घेतलं. चित्रं तपासणारे प्रोग्रॅम वाढले की वेगवान प्रोसेसर खपतील, हा कंपनीचा हिशेब. पण परवाना बीएसडी ठेवला: वापरा, बदला, विका, कुणाला विचारायला नको. १.० आवृत्ती २००६ ची. त्याच्या आदल्या वर्षी इटलीतल्या इव्रेया गावी आर्डुइनो हे छोटं सर्किट बोर्ड तयार झालं, डिझाइन शिकणाऱ्यांनाही मोटर आणि रिले (विजेवर चालणारे स्विच) चालवता यावेत म्हणून. एकाने डोळा दिला, दुसऱ्याने हात.

२०१० च्या नोव्हेंबरात मायक्रोसॉफ्टचा किनेक्ट हा व्हिडिओ गेमचा कॅमेरा बाजारात आला, तेव्हा हौशींना सुटे भाग विकणाऱ्या एडाफ्रूट कंपनीने त्याचा खुला ड्रायव्हर (तो संगणकाला जोडणारा प्रोग्रॅम) लिहिणाऱ्याला बक्षीस लावलं. आठवड्याभरात हेक्टर मार्टिन यांनी तो लिहिला आणि समोरच्या वस्तूचं अंतर मोजणारा खेळण्यातला कॅमेरा हौशींच्या हाती पडला. २०१२ च्या फेब्रुवारीत ३५ डॉलरचा रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक आला. त्याच वर्षीच्या पायकॉन या पायथन प्रोग्रॅमरांच्या परिषदेत कर्ट ग्रँडिस यांनी पक्ष्यांचे दाणे पळवणाऱ्या खारींवर पाणी उडवणारी बंदूक दाखवली: ओपनसीव्ही, आर्डुइनो आणि मुलांची पिचकारी. आपल्या वानराच्या यंत्राचा आराखडा तोच.

त्या काळी खार कशी दिसते हे स्वतः फोटो जमवून यंत्राला शिकवावं लागे. आता शिकवलेली मॉडेलं (चित्रातली वस्तू ओळखणारे प्रोग्रॅम) आयती मिळतात, पण निवडताना गफलत होते. बहुतेक जण योलो नावाचं मॉडेल उतरवतात. ते सहसा कोको या फोटोसंग्रहावर शिकलेलं असतं आणि त्याला ८० वस्तू ओळखता येतात. त्यात केळं आहे, वानर नाही. जिराफ मात्र आहे, त्याचा खानदेशात उपयोग करून दाखवावा! इमेजनेट या दुसऱ्या फोटोसंग्रहाच्या १००० प्रकारांत वानर आणि रानडुक्कर दोन्ही आहेत, म्हणून त्यावर शिकलेलं मोबाइलनेट हे मॉडेल इथे जास्त कामाचं. ते पूर्ण चित्राला एकच नाव देतं, जागा सांगत नाही. त्यामुळे आधी ओपनसीव्हीने हललेला भाग शोधायचा, तेवढाच कापून २२४ × २२४ पिक्सेलचा करायचा आणि मॉडेलला द्यायचा. वाऱ्यावर केळीची पानं सतत हलतात, म्हणून लागोपाठच्या तीन चित्रांत वानर असंच उत्तर आलं तरच पाणी सोडावं.

अंतराचं गणितही आधी करून घ्यावं. रास्पबेरी पायच्या कॅमेऱ्याच्या दुसऱ्या आवृत्तीला आडवे ६२ अंश दिसतात, म्हणजे २० मीटरवर सुमारे २४ मीटर रुंदी. चित्र ६४० पिक्सेलचं घेतलं तर साठ सेंटिमीटरचं बसलेलं वानर जेमतेम १६ पिक्सेलचं होतं, १६४० चं घेतलं तर ४० चं. १६ पिक्सेलमध्ये मॉडेल भलतंच काहीतरी सांगतं.

एवढ्या खटाटोपाऐवजी स्वस्त पीआयआर सेन्सर का नको? तो आसपासच्या आणि अंगाच्या उष्णतेतला फरक पाहतो. जळगाव-भुसावळला मे महिन्याच्या दुपारी हवा आणि प्राणी यांत तो फरकच फारसा उरत नाही. सावल्या मात्र गडद पडतात, आणि सावली हलली तरी कॅमेऱ्याला ती हालचालच वाटते. त्याच उन्हात पत्र्याच्या डब्यातला पाय तापतो आणि ८० अंशांच्या पुढे आपोआप मंदावतो. डबा पांढरा, सावलीत आणि खालून-वरून हवा खेळती राहील असा हवा.

डोळा स्वस्त झाला, पण खरी अडचण पाण्याच्या बाजूला आहे. ठिबकचे सोलेनॉइड व्हॉल्व्ह (विजेने उघडणारे नळ) बहुधा २४ व्होल्ट एसीचे असतात, ते बॅटरीवर थेट चालत नाहीत. घरगुती पाणी फिल्टरचा व्हॉल्व्ह डीसीचा असला तरी नळी बारीक, पिचकारी पडत नाही. १२ व्होल्ट डीसीचा अर्धा इंची घ्यावा. त्यातले बरेचसे दाबावर उघडतात आणि किमान ०.०२ मेगापास्कल मागतात, म्हणजे टाकीतलं पाणी निदान दोन मीटर वर हवं. तेवढ्याने व्हॉल्व्ह उघडेल, पण लांब फवाऱ्यासाठी छोटा पंप लागतोच. व्हॉल्व्हच्या कॉइलच्या दोन टोकांवर १एन४००७ डायोड उलटा जोडला नाही तर बंद होतानाच्या झटक्याने बोर्ड रीसेट होतो किंवा मॉसफेट, म्हणजे व्हॉल्व्ह चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच, जातो. मॉसफेट पायच्या ३.३ व्होल्टवर पुरता उघडणारा निवडा. आयआरएफ५४० तिथे अर्धवटच उघडतो आणि तापतो.

शेतपंपाची वीज पाळीने येते, म्हणून १२ व्होल्टची बॅटरी आणि त्याचे ५ व्होल्ट करून देणारा ३ अँपिअरचा बक कन्व्हर्टर लागतो. व्होल्टेज ४.६३ च्या खाली गेलं की पाय इशारा देतो. वीज अचानक गेल्याने मेमरी कार्ड खराब होतं; पायच्या रास्पी-कॉन्फिग या सेटिंगच्या प्रोग्रॅममध्ये ओव्हरले फाइल सिस्टिम चालू केली की कार्डावर लिहिणंच थांबतं. आणि पिचकारीत साधं पाणीच भरायचं: वानर वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे, तिखटाचं पाणी किंवा लेझर चालणार नाही.