भुवया वर करा बघू!

तोंड अचानक वाकडं झालेला माणूस दवाखान्यात आला, की सोबतच्या मंडळींची नजर त्याच्या ओठांवर खिळलेली असते. डॉक्टर मात्र आधी कपाळाकडे बघतात. ‘भुवया वर करा’ म्हणतात आणि आठ्या दोन्ही बाजूंना सारख्या पडतात का ते पाहतात. तपासणी पाच सेकंदांची, पण पुढचं बरंच काही तिच्यावर ठरतं.

चेहऱ्याच्या खालच्या भागाला हालचालीचे हुकूम मुख्यतः मेंदूच्या विरुद्ध बाजूकडून येतात, तर कपाळाला दोन्ही बाजूंकडून. त्यामुळे पक्षाघातात मेंदूची एक बाजू बंद पडली तरी कपाळाच्या आठ्या बहुतेक वेळा शाबूत राहतात, ओठाचा कोपरा तेवढा लोंबतो. मेंदूतून निघून चेहऱ्याकडे जाणारी नसच बिघडली, तर मात्र हुकूम कुठूनही सुटोत, पोचतच नाहीत. मग कपाळापासून हनुवटीपर्यंत अर्धा चेहरा सपाट होतो. आठी पडत नाही, डोळा मिटत नाही, चूळ भरताना पाणी ओघळतं. ‘तोंडावरून वारं गेलं’ म्हणतात ते बहुधा हेच. दुसरं कोणतंही कारण सापडलं नाही, तर डॉक्टर याला बेल्स पाल्सी म्हणतात. दर लाख लोकांमागे वर्षाला साधारण १५ ते ३० जणांना ती होते.

हे वाचून कुणी घरच्या घरी आरशासमोर निदान करू नये. ही नस मेंदूच्या देठातून निघते, आणि पक्षाघात नेमका तिथेच झाला तर कपाळही जातं. अशा वेळी बहुधा सोबत आणखी काही बिघडलेलं असतं: एकाचे दोन दिसतात, तोल जातो, हातपाय लुळे पडतात. तोंड वाकडं होताच तातडीने रुग्णालय गाठावं आणि हा फरक डॉक्टरांनाच करू द्यावा.

या नसेचं नाव फेशियल नर्व्ह. मेंदूतून थेट निघणाऱ्या नसांच्या बारा जोड्यांपैकी ही सातवी, आणि तिचा रस्ता मोठा अडचणीचा. कानाच्या हाडातल्या सुमारे तीन सेंटिमीटर लांबीच्या बोगद्यातून ती वाट काढते. बोगद्याचं सर्वांत अरुंद तोंड जेमतेम ०.७ मिलिमीटरचं असतं. नसेला सूज आली तर फुगायला जागा नाही. बोट सुजल्यावर अंगठी रुतावी तसं हाड तिला आवळतं आणि तिचा रक्तपुरवठा अडतो. जिभेच्या पुढच्या भागाची चव, अश्रू आणि कानातला एक चिमुकला स्नायूही याच नसेवर अवलंबून असतात. म्हणून काहींना जेवण बेचव लागतं, भांड्याचा साधा आवाज कानठळ्या बसवतो. कानामागचं दुखणं तर कधीकधी चेहरा वाकडा होण्याच्या आधीच सुरू होतं.

सूज येते कशाने, यावर अजून वाद आहे. ओठावर तापाचे फोड उठवणाऱ्या हर्पिस सिम्प्लेक्स विषाणूवर मुख्य संशय आहे. १९९६ मध्ये जपानी संशोधकांनी शस्त्रक्रियेच्या वेळी १४ रुग्णांच्या नसेतला द्रव तपासला, तेव्हा ११ जणांत या विषाणूचा डीएनए सापडला. पुरावा वजनदार आहे. पण मग विषाणूविरोधी औषध एकट्याने काम का करत नाही? औषध पोटात जाईपर्यंत नुकसान होऊन गेलेलं असतं, हे एक संभाव्य उत्तर. मला ते पटतं, सिद्ध मात्र झालेलं नाही.

तपासणीतला कळीचा प्रश्न असतो, ‘हे कधीपासून?’ बेल्स पाल्सी काही तासांत, फार तर तीन दिवसांत पूर्ण जोर धरते. चेहरा आठवड्यामागून आठवडा हळूहळू सैल पडत असेल तर डॉक्टर गाठीच्या शोधात गालातली लाळग्रंथी चाचपतात, स्कॅन सांगतात. कानात डोकावणं चुकवून चालत नाही. तिथे पाण्याचे बारीक फोड असतील तर तो रॅमसे हंट सिंड्रोम, म्हणजे कांजिण्यांच्याच विषाणूने पुन्हा डोकं वर काढलेलं. त्यात चक्कर येते, ऐकू कमी येतं, चेहरा पूर्ववत होण्याची शक्यताही कमी असते, आणि तिथे विषाणूविरोधी औषध देतातच. दोन्ही बाजू एकदम गेल्या तर वेगळ्याच आजारांचा विचार करावा लागतो. चित्र स्पष्ट असेल तर सगळ्यांनाच एमआरआय आणि रक्ताच्या ढीगभर चाचण्या करायची गरज नसते. डॉक्टरांनी स्कॅन लिहून दिला नाही म्हणून नाराज होण्याचं कारण नाही.

उपचारात घड्याळ महत्त्वाचं. २००७ मध्ये स्कॉटलंडमधल्या एका चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ५५१ रुग्ण, सगळ्यांवर ७२ तासांच्या आत उपचार सुरू. दहा दिवस प्रेडनिसोलोन हे सूज उतरवणारं स्टेरॉइड घेतलेल्यांपैकी ९४ टक्के लोक नऊ महिन्यांत पूर्ण बरे झाले. न घेतलेल्यांत हे प्रमाण ८२ टक्के होतं. ॲसायक्लोव्हिर या विषाणूविरोधी औषधाने फरक पडला नाही. तरी लकवा तीव्र असेल तर काही डॉक्टर ते स्टेरॉइडच्या जोडीला देतात. स्टेरॉइड म्हटलं की अनेकांच्या पोटात गोळा येतो, पण थोड्या दिवसांचा हा कोर्स बहुतेकांना झेपतो. मधुमेह असेल तर साखर वाढते, म्हणून ती मोजत राहावी लागते. लहान मुलांची गोष्ट वेगळी. ती बहुतेक आपोआप बरी होतात, आणि १८७ मुलांवरच्या एका चाचणीत स्टेरॉइडचा ठोस फायदा दिसला नाही.

खरा धोका असतो तो डोळ्याला, आणि नेमकं त्याच्याकडेच दुर्लक्ष होतं. पापणी मिटत नसल्याने बुबुळ कोरडं पडतं, त्यावर ओरखडे आणि जखमा होतात, दृष्टीही अधू होऊ शकते. दिवसभर कृत्रिम अश्रूंचे थेंब, रात्री मलम आणि पापणी मिटवून लावलेली चिकटपट्टी, बाहेर पडताना चष्मा, हे सगळं गोळ्यांइतकंच नेमाने करायचं. डोळा लाल झाला, दुखू लागला किंवा अंधूक दिसू लागलं तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जायला हवं.

कोपनहेगनमध्ये औषधाविना राहिलेल्या सुमारे १७०० रुग्णांवर लक्ष ठेवलं गेलं. ७१ टक्के पूर्ण बरे झाले, ८५ टक्क्यांमध्ये पहिल्या तीन आठवड्यांतच हालचाल परतू लागली. त्यामुळे तीन आठवडे उलटूनही काहीच हललं नाही तर पुन्हा दाखवायला जावं. तीन महिन्यांनीही चेहरा पूर्ववत झाला नाही तर मूळ निदानच पुन्हा तपासतात.

ज्यांची नस फार दुखावते, त्यांच्यात तंतू दिवसाला जेमतेम मिलिमीटरभर वाढत परततात आणि काही वाट चुकतात. ओठांकडे जायचा तंतू पापणीत शिरतो, मग हसलं की डोळा मिटतो. लाळेचा तंतू अश्रुग्रंथीत गेला तर जेवताना डोळ्यांतून पाणी येतं. म्हणूनच जोर लावून तोंड वेडंवाकडं करण्याचे व्यायाम मला धोक्याचे वाटतात. आरशासमोर बसून सावकाश, एकेक हालचाल वेगळी करायला शिकवणारा फिजिओथेरपिस्ट मिळाला तर उत्तम. विजेचे झटके देणाऱ्या यंत्रांमागे मात्र भक्कम पुरावा नाही. चुकीच्या जोडण्या आवरायला स्नायू सैल करणारी बोटॉक्सची इंजेक्शनं उपयोगी पडतात. नस कायमचीच गेली तर वरच्या पापणीत सोन्याचं बारीकसं वजन बसवून डोळा मिटवता येतो, आणि मांडीतला एक स्नायू गालात बसवून तो चावण्याच्या स्नायूच्या नसेला जोडला, तर दात आवळून हसायला शिकता येतं.