आवाजातील भावनेचे आकलन

बोलणाऱ्याच्या स्वराची उंची, जोर, लय आणि पोत यांवरून त्याची भावना ओळखण्याची मेंदूतील प्रक्रिया. ‘आलास का?’ या दोन शब्दांतून आनंद, राग किंवा जीव टांगणीला लागल्याची खूण ऐकू येते, ती स्वरामुळे.

कानाकडून आलेले संकेत कानशिलाच्या आतील टेम्पोरल लोबमध्ये पोहोचतात. तेथील वरच्या खाचेलगत इतर ध्वनींपेक्षा मानवी आवाजाला अधिक प्रतिसाद देणारे भाग असल्याचे पास्कल बेलँ व सहकाऱ्यांनी २००० मध्ये दाखविले. श्रोत्याचे लक्ष दुसऱ्या कानातील बोलण्याकडे असले, तरी रागीट स्वराने हा प्रतिसाद वाढतो, असे २००५ मध्ये आढळले. भावनिक स्वराची पहिली छाननी सुमारे २०० मिलिसेकंदांत होत असावी. जाणीवपूर्वक मूल्यमापन त्यानंतर, मुख्यतः मेंदूच्या पुढच्या भागात होते.

हे काम मेंदूच्या उजव्या गोलार्धाचे आहे काय, हा जुना वाद आहे. त्याचे मूळ सामान्यतः मेंदूविकारतज्ज्ञ जॉन ह्यूलिंग्ज जॅक्सन यांच्या एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील निरीक्षणांत शोधले जाते: डाव्या बाजूच्या इजेने वाचा गेलेले काही रुग्ण भावनेच्या भरात शिवी किंवा उद्‌गार काढू शकत. १९७५ मध्ये केनेथ हाइलमन व सहकाऱ्यांनी असे रुग्ण नोंदविले, ज्यांना उजव्या बाजूच्या इजेनंतर वाक्याचा अर्थ समजे, मात्र ते आनंदाने म्हटले की दुःखाने, हे सांगता येत नसे. इलियट रॉस व मार्सेल मेसुलाम यांच्या १९७९ च्या निबंधातील एका शिक्षिकेची बुद्धी व भाषा शाबूत होती; पण आवाजात राग उमटत नसल्याने तिला वर्ग आवरता येईना. डावीकडील भाषाकेंद्रांची जणू प्रतिकृतीच उजवीकडे भावस्वरासाठी असते, असे रॉस यांनी १९८१ मध्ये मांडले. ही मांडणी देखणी असली, तरी तिचा आधार थोड्या रुग्णांचा होता. डाव्या बाजूच्या इजेनेही ही ओळख बिघडते, हे पुढे दिसून आले. त्यामुळे उजवा गोलार्ध स्वराच्या उंचीतील सावकाश बदल टिपण्यात अधिक तरबेज आहे, हे मत जास्त ग्राह्य वाटते. भावनेचे आकलन दोन्ही बाजूंच्या जाळ्यातून होते.

अमिग्डला या मेंदूच्या आत खोलवर असलेल्या, भीतीसारख्या भावनांशी निगडित भागाबद्दलचे पुरावे परस्परविरोधी आहेत. १९९७ च्या एका अभ्यासातील रुग्णाला अमिग्डलाच्या इजेनंतर आवाजातील भीती व राग ओळखता येईना. १९९९ च्या अभ्यासात मात्र तशाच इजेनंतरही भावस्वराची ओळख शाबूत आढळली.

पक्षाघात किंवा कंपवातानंतर सपाट झालेला आवाज घरच्यांना अनेकदा बेपर्वाई किंवा नैराश्य वाटतो. अशा रुग्णाला काय वाटते ते शब्दांत विचारावे. स्वरावरून अंदाज बांधणे त्याच्यावर अन्याय करणारे ठरते.